यादीतली पाच औषधं

च्यांग माई
२ जून, बुद्धसंवत २५५२

वंदनीय भंते प्रयून यांच्या चरणी त्रिवार वंदन.

(ही ओळ पाकीट फोडणाऱ्यासाठी. तुमच्या विहारात पत्रं आधी कोण वाचतं हे मला श्रामणेर असल्यापासून ठाऊक आहे. आता खाली आपण दोघंच आहोत, तेव्हा 'तू'.)

प्रिय प्रयून,

विहाराच्या उत्सवाचा फोटो पोचला. मागे लिहिलं आहे, 'पहिल्या रांगेत पाच भिक्षू'. मी दोनदा मोजले. चार भिक्षू भरतात आणि एक पर्वत. चीवराने देह नीट झाकलेला असावा असा दंडक आहे. तुझ्या चीवराने प्रयत्न केलेला दिसतो, पण उजव्या बगलेपाशी त्याने हात टेकले आहेत. असं पोट संस्कृतात एकाच देवाला शोभतं, आणि त्याला वरती हत्तीचं मस्तक आहे. तुझं तर अजून माणसाचंच दिसतंय.

आठवतं का, आपण दोघं तेरा वर्षांचे असताना नोंग-तान विहारातून पहाटे अनवाणी निघायचो, भिक्षेसाठी सहा किलोमीटर? तुझ्या बरगड्या मोजून मी संख्यावाचक शब्द पाठ केले. पुढे मी सव्विसाव्या वर्षी चीवर उतरवलं, लग्न केलं, आणि आता सोपा पेपर समजून संस्कृत घेणाऱ्या मुलांना विभक्त्या शिकवतो. तू राहिलास, महंत झालास. आपल्या दोघांत निर्वाणाच्या जवळ कोण, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. पण खुर्चीतून उठायला कोणाला जास्त वेळ लागतो, तो आज विचारतोय.

थट्टा पुरे. फोटोत तुझ्या चेहऱ्यावर आहे ते सुख की सूज, हे कळत नाही. दोन ओळी लिही. फोन करू नकोस. विहाराचा फोन लमियतताईच्या मिठाईच्या दुकानात वाजतो, आणि मग तुझी बहीण आपल्या दोघांचंही बोलणं एकटीच करते.

तुझा
सुखुम


नोंग-तान विहार, फेच्बुरी
१४ जून

प्रिय सुखुम,

चीवर सोडलेल्या माणसाने चीवराच्या मापाबद्दल बोलू नये. तरी उत्तर देतो, कारण दुपारनंतर जेवायचं नसतं आणि वेळ जाता जात नाही.

सुख नाही, सूजही नाही. मटण नाही, मासा नाही, तो आहे भक्तिभाव. गेल्या वीस वर्षांत लोकांनी मला जे दिलं ते मी अंगावर बाळगून आहे.

तुझ्या वेळी लोक घरी रांधायचे. भात, सुकी मासळी, कुठली तरी कडू पालेभाजी. आता गावातल्या सगळ्या बायका कोळंबीच्या कारखान्यात जातात. पहाटे बाजारातून तयार कालवणाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतात आणि तशाच माझ्या पात्रात सोडतात. नारळाचं दूध, साखर, तळलेलं डुक्कर. देणारा स्वतः कधी खाणार नाही इतकं महागाचं आणि गोड माझ्यासाठी निवडतो, पुण्य म्हणून. नाही म्हणायची मुभा मला नाही. दुपारनंतर घन पदार्थ निषिद्ध, तेव्हा लोक द्रवरूप श्रद्धा आणतात: गोड सोयादुधाची खोकी, दाट दूध घातलेली थंड कॉफी, ताकदीच्या औषधासारख्या त्या बाटल्या. गुडघे दुखतात म्हणून भिक्षेला थोडं अंतर चालून पुढे तीनचाकीत बसतो. मागे एकदा तळ्याभोवती जरा झपाझप चाललो, तर ग्रामसभेत विचारणा झाली, "भंतेंना कसली घाई आहे?" भिक्षूने रमतगमत चालावं म्हणे. आता बसून असतो. भाविकही माझ्याच आकाराचे झालेत. वंदनाला वाकलेला माणूस उठवायला दुसरा लागतो.

आणि मो-केंग. रोज. तो तुला सांगायला हवा.

आईला जाऊन चार वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं डॉक्टरांनी तिचं गोड बंद केलं होतं. घरात दिवसाला चाळीस थाळे मो-केंग भाजला जायचा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडगुळाचा वास अख्ख्या रस्त्यावर, आणि आई खाटेवरून म्हणायची, "लमियत, एक वडी दे गं, टोकाची जळकी असली तरी चालेल." ताईने दिली नाही. डॉक्टरांचा शब्द तिने मोडला नाही. आई गेली त्या सकाळीसुद्धा मागत होती.

तेव्हापासून ताई रोज माझ्या पात्रात मो-केंगच्या चार वड्या घालते आणि आईच्या नावाने पाणी सोडते. मी खातो ते आईला पोचतं, असं ती मानते. मी खाताना ती समोर बसून पाहते. एक वडी उरली तर विचारते, "आईला आवडला नाही का?" सांग, पाली व्याकरणाच्या कुठल्या सूत्राने मी ती वडी ठेवून देऊ?

बाकी ठीक. तहान फार लागते. आणि एक गंमत: माझ्या संडासात काळ्या मुंग्यांनी वसाहत केली आहे. रोज पाणी मारतो, रोज परत येतात, रांगेने, एखाद्या यात्रेला आल्यासारख्या. प्राणिहिंसा वर्ज्य, म्हणून मीच कोपऱ्यात उभा राहतो.

तुझा
प्रयून


च्यांग माई
२१ जून

प्रयून,

तुझ्या मुंग्यांवर मी हसलो नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांना सुई माहीत नव्हती, यंत्र माहीत नव्हतं. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात का, एवढंच ते पाहत. धावल्या की त्याला मधुमेह म्हणत. हे मी दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवतो. मुलं हसतात, मीही हसतो.

आईला हेच होतं. तुला ठाऊक आहे. तू माझ्याहून हुशार होतास, म्हणून हे पत्र वाचायच्या आधीच तुला ठाऊक होतं, असा मला दाट संशय आहे. मग ती गंमत म्हणून मला का लिहिलीस?

तालुक्याच्या दवाखान्यात जा. या आठवड्यात. उत्तर यंत्राच्या आकड्यात दे, श्लोकात नको.

सुखुम


नोंग-तान विहार
१९ जुलै

प्रिय सुखुम,

आकडा चारशे अठरा. बाराखडीपासून पालीच्या नवव्या परीक्षेपर्यंत मला इतके गुण कधी मिळाले नव्हते.

दवाखान्यातली नर्स पंचविशीची असेल. स्त्रीने भिक्षूला शिवायचं नाही, म्हणून तिने ती सुई एका फडक्यावर ठेवून माझ्यापुढे सरकवली आणि मीच माझं बोट टोचलं. थेंब पाहून ती म्हणाली, "भंते, या महिन्यात तुम्ही अकरावे." मी विचारलं, "अकरावे रोगी?" "अकरावे भिक्षू," ती म्हणाली. वजनाच्या काट्यावर उभा राहिलो तेव्हा तिने मान वळवली, शालीन मुलगी. एकशे सोळा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रक्तदाबाच्या वेगळ्या. म्हणाले, चाला, गोड टाळा, भात निम्मा करा, मोठ्या इस्पितळात जाऊन डोळे, मूत्रपिंडं, पाय दाखवून या. मी म्हटलं, वर्षावास लागला, तीन महिने विहाराबाहेर रात्र काढता येत नाही. ते बिचारे बौद्ध, गप्प बसले.

तू बसणार नाहीस हे ठाऊक आहे. आजारपणासाठी सात दिवसांची सवलत आहे, हे मलाही पाठ आहे. पण मी गेलो तर ताई कारण विचारेल.

म्हणून हे मागणं. लमियतताईला कळता कामा नये. ती सरळ बाई आहे, पण आकडेमोड तिला येते. चार वड्या, रोज, चार वर्षं. ती उलट मोजत बसेल. आईला नाही म्हटलं म्हणून ती उपाशी गेली, मला हो म्हटलं म्हणून मी आजारी पडलो. या दोन वाक्यांच्या मध्ये तिला उभं राहायला जागा कुठे आहे?

मी गोळ्या घेतो. बाकीचं हळूहळू कमी करतो. वचन दे.

प्रयून

ता. क. मुंग्या आहेत. आता मी त्यांना नावाने ओळखतो.


च्यांग माई
३ ऑगस्ट

प्रिय लमियतताई,

तुमच्या मो-केंगचा वास आठवला की माझे विद्यार्थीसुद्धा मला क्षम्य वाटू लागतात, यावरून त्याची थोरवी समजा. दाजी आणि मुलं खुशाल असतील. मी आणि सौ. बरे आहोत.

पत्र लिहायचं कारण फार मोठं नाही. भंतेंची तब्येत जराशी कुरकुरते आहे असं कळलं. काळजीचं काही नाही, वयाच्या गोष्टी. पण तुम्ही विहाराच्या जवळ आहात आणि तुमच्या हातचं त्यांच्या पात्रात पडतं म्हणून एका जुन्या नियमाची आठवण देतो. मी चीवर उतरवलं तरी नियम माझ्या डोक्यातून उतरले नाहीत, त्याला इलाज नाही.

आजारी भिक्षूसाठी संघात पाच औषधं सांगितली आहेत: तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. ही दुपारनंतरही घेता येतात. नीट वाचा, ताई. पाच. मी ही यादी वरून खाली, खालून वर तपासली, तिच्यात मो-केंग नाही. तेव्हा भंतेंना बरं वाटेपर्यंत तुमच्या त्या सुवर्णवड्यांना जरा वर्षावास पाळायला सांगा. आईला मी समजावीन. माझ्यावर तिचा लोभ होता, ती ऐकेल.

तुमचा
सुखुम


नोंग-तान
१६ ऑगस्ट

चि. सुखुम यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू एवढा शिकलास तरी अक्षर कोंबडीच्या पायांचंच आहे, दुकानातल्या मुलीकडून वाचून घेतलं. तुझे दाजी बरे आहेत, त्यांचंही पोट तुझ्या भंतेंशी स्पर्धा लावून आहे.

तू सांगितलंस ते मी केलं. मो-केंग बंद केला. माझ्या हाताने रोज त्याच्यासाठी थाळ्याचा कोपरा कापायची सवय, आता सुरी नुसतीच फिरते. पण तू शिकलेला, तू म्हणालास म्हणजे झालं.

आणि ती पाच औषधं चालू केली. पाचही. सकाळी भातावर तूप. तेलात तळलेलं काहीतरी असतंच. लोणी शहरातून आणवलं, पावाला लावून देते. दुपारनंतर ताडाची ताजी नीरा उकळून, गाळून मोठा कॅन भरून नेते, आणि काकवीच्या जागी आपला ताडगूळ पाण्यात विरघळवून. संध्याकाळी मध. खरा मध हं, डोंगरातल्या पोळ्याचा, आमच्या गिऱ्हाइकाने दिला. तो एका घोटात पेला संपवतो. म्हणतो, "ताई, तहान भागत नाही." मी म्हणते, पी, औषध आहे, सुखुमने लिहिलंय.

आईच्या नावाने आता त्याचंच पाणी सोडते. तिला नीरा आवडायची.

आणि गुण आला रे! बारीक व्हायला लागलाय. चीवर खांद्यावरून घसरतं. काल गावातल्या बायका म्हणाल्या, भंते किती हलके दिसताहेत, तरुणपणीसारखे. मला इतका आनंद झाला की तुझ्यासाठी मो-केंगचा एक डबा बाजूला काढला आहे. येशील तेव्हा ने.

तुझी
लमियत


नोंग-तान विहार
११ सप्टेंबर

प्रिय सुखुम,

हे तुझं कृत्य ना? खोटं बोलू नकोस. तूप, लोणी, तेल, मध, काकवी, हा क्रम कुठून आला हे मला कळतं. ताई कॅन घेऊन आली आणि सभामंडपात सगळ्यांसमोर म्हणाली, "ही बघा, शास्त्रातली औषधं!" मी तुला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. पंचवीस वर्षं विद्या शिकवून तू शेवटी मला गुळाच्या पाण्यात बुडवलंस.

तू सद्हेतूने केलंस. मो-केंग बंद झाला, तेवढं खरं. तिला मी काय सांगू? एक वाक्य पुरेल. रोज ठरवतो की आज सांगायचं. ती समोर बसते, हात जोडून, मी पेला संपवेपर्यंत डोळे मिटून पाणी सोडते, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी शांती येते जी मी तीस वर्षांच्या ध्यानात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. मग पेला संपतो.

बारीक झालोय, हे खरं. सोळा किलो. लोक अभिनंदन करतात. मी स्वीकारतो.

एक किरकोळ गोष्ट. परवा भिक्षेहून आलो, तर सभामंडपाच्या फरशीवर रक्ताचे ठसे. मी म्हटलं, "अरे, कोणाला लागलंय, बघा." सगळे माझ्याकडे पाहू लागले. डाव्या तळव्यात डब्याच्या पत्र्याचा तुकडा रुतला होता, करंगळीएवढा. किती वेळ, कोण जाणे. दुखलंच नाही. देहाविषयी इतकी अनासक्ती मला साधली याचा क्षणभर अभिमान वाटला. हळद आणि तेल लावलंय. (तेल यादीत आहे.) जखम बुजायला वेळ घेतेय, थोडा वास येतो. उदबत्ती लावून बसतो. अनवाणी भिक्षा चालूच आहे, वर्षावास संपेपर्यंत खंड नको.

तुझं वचन आठवतं ना?

प्रयून


च्यांग माई
२९ सप्टेंबर

प्रयून,

मी सहा आठवडे कंबोडियात शिलालेखांचे ठसे घेत होतो. काल परतलो. टपालाच्या ढिगात ताईचं पत्र आणि तुझं पत्र एकावर एक होतं. आधी तिचं वाचलं.

मेलेल्या राजांची अक्षरं दगडावरून टिपत मी फिरत होतो, आणि इकडे माझी पाच अक्षरं तुझ्या घशाखाली उतरत होती. मी विनोद केला होता. यादीत मो-केंग नाही, हा विनोद होता. यादीत काय आहे, हे मला दिसलंच नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी जे भिक्षू पालापाचोळा खाऊन खंगत होते, चालून चालून ज्यांचे सांधे वाजत होते, त्यांच्यासाठी ती यादी होती. तुझ्यासाठी नव्हती.

न दुखणारी जखम ही अनासक्ती नव्हे, गाढवा. वास येणारी जखम हळदीची नव्हे. सात दिवसांची सवलत आज घे, आत्ता घे. गाडी मागव. हे पत्र माझ्या आधी पोचो न पोचो, मी उद्या सकाळच्या गाडीने निघतो आहे. विहाराच्या फोनवर तीनदा प्रयत्न केला, दुकानातली मुलगी म्हणते, "ताई कॅन घेऊन विहारात गेल्यात."

वचन मी मोडणार आहे. आल्यावर पहिली गोष्ट ताईला सांगेन. माझ्यावर रागाव, पण दोन पायांवर उभा राहून रागाव.

सुखुम


नोंग-तान
२२ नोव्हेंबर

चि. सुखुम यास आशीर्वाद.

तू गेल्यापासून पत्र नाही. दहन आटोपून तू जेवलाही नाहीस, तसाच गाडीत बसलास. तुझी बायको फोनवर म्हणाली, तो शिकवायला जातो आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसतो. असं करू नये बाळा. त्याची वेळ आली होती.

पायाचं दुःख मला आहे. गुडघ्यावरून कापला तेव्हा तो शुद्धीत आल्यावर म्हणाला, "ताई, आता गुडघेदुखी निम्मी झाली." तू पण होतास. तू हसला नाहीस, मी हसले. नंतर रक्तात विष पसरलं म्हणाले. दहा दिवसांत संपलं. पण शेवटपर्यंत मी आणलेलं घेत होता, चमच्याने का होईना. तू लिहिलेलं औषध त्याला मिळालं, याचं मला समाधान आहे. चितेवर नेताना तो इतका हलका झाला होता की चार माणसांनी उचलला. उत्सवाच्या वेळी आठ लागले असते.

आता नवे भंते आलेत. थियन नाव. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले, वय अडतीस, काठीसारखे. बायका म्हणतात, यांना काही खायला मिळालेलं दिसत नाही. मी सकाळी आईसाठी मो-केंग घालते, परत चालू केला. आणि दुपारनंतर तुझ्या भंतेंसाठी नीरा आणि मध. त्याला आवडायचं ना. थियन भंते भले आहेत, सगळं संपवतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "आई, इतकं गोड मी जन्मात खाल्लं नाही." महिन्यात गाल भरले.

तुझ्याकडे अजून काही यादी असेल तर लिही. त्याच्या वर्षश्राद्धाला काय काय घालायचं, तुला बरोबर ठाऊक असेल.

तुझी
लमियत


च्यांग माई
१ डिसेंबर

लमियतताई,

या पत्रात विनोद नाही. दुकानातल्या मुलीकडून वाचून घेऊ नका. अक्षर मोठं काढलं आहे.

प्रयूनला मधुमेह होता. आईला होता तोच. जुलैमध्ये त्याला कळलं. त्याने मला शपथ घातली की तुम्हाला सांगायचं नाही. तुम्ही स्वतःला दोष द्याल म्हणून. मी ऐकलं. मग मी शहाणपणा करून तुम्हाला पाच औषधांची यादी पाठवली. ती औषधं त्याच्यासाठी विष होती. मध, नीरा, ताडगूळ. ती यादी तुमची नव्हती, माझी होती. तो बारीक होत होता कारण त्याचं शरीर आतून जळत होतं. पाय त्यामुळे गेला. रक्तात विष त्यामुळे झालं.

इस्पितळात मी सांगायला आलो होतो. तुम्ही कॅन घेऊन आत आलात. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिवशी सांगितलं असतं तर तो वाचला नसता, असं डॉक्टर म्हणतात. ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर वाचला असता, असं ते म्हणत नाहीत, पण मी विचारलंही नाही.

हे मी आजही लिहिलं नसतं. त्याची शपथ होती. पण थियन भंते अडतीस वर्षांचे आहेत.

त्यांच्या पात्रात मो-केंग घालू नका. नीरा नेऊ नका. भात थोडा, उकडलेली भाजी, मासा. नुसतं पाणी. तेही आईला पोचतं, तेही प्रयूनला पोचतं. कुठल्या नियमात लिहिलं आहे, विचारू नका. नियमांतलं मला आता काही आठवत नाही.

सुखुम


नोंग-तान
१२ डिसेंबर

सुखुम,

पत्र मीच वाचलं. चार दिवस लागले.

तू मला सांगायला घाबरलास, तोही घाबरला. तुम्ही दोघं लहानपणापासून तसेच, भांडं फोडलं की दोघं मिळून माझ्यापासून लपवायचात, आणि मी तुकडे उचलून बसलेली असायचे.

मुंग्या मलाही दिसल्या होत्या. विहाराचा संडास कोण धुतं, तुला काय वाटलं? दर पौर्णिमेला मी धुते. वैशाखातच दिसल्या. आईच्या वेळीही अशाच होत्या, न्हाणीघराच्या उंबऱ्यापासून रांग. मी खाली बसून किती वेळ बघत राहिले. मग पाणी मारलं आणि घरी येऊन मो-केंग भाजला.

आईला मी नाही म्हटलं, दोन वर्षं. डॉक्टर म्हणाले म्हणून. रोज मागायची, रोज नाही म्हटलं. ती उपाशी गेली ती गेलीच, वाचली तर नाही. मग याला नाही म्हणायला तोंड उघडेना. कोणीतरी मोठ्या माणसाने यावं आणि हे औषध आहे म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तू म्हणालास. मी पुन्हा वाचून घेतलं नाही. बारीक होतोय, गुण आला, असं तुला आनंदाने लिहिलं. आईही शेवटी अशीच बारीक झाली होती, चोळी खांद्यावरून घसरायची.

तेव्हा यादी तुझी एकट्याची नव्हे.

आज सकाळी थियन भंते आले. दुकानात थाळे तयार होते, कोपरे जळके, आईला हवे तसे. मी घरात गेले आणि मूठभर भात, उकडलेला दुधी आणि मासा पानात बांधून आणला. पात्रात घातला. भंतेंनी पात्रात वाकून बघितलं, मग माझ्याकडे. गेले. अनवाणीच जातात. उद्यापासून रस्ता मी झाडून ठेवीन.

पाणी सोडलं. आईचं आणि प्रयूनचं, दोघांची नावं घेतली. निम्मं पाणी भुईवर सांडलं.

दोघंही आज उपाशी राहिले असतील.

लमियत